लंगडी कोंबडी आधी उचला, मग ठरवा

मेहरूण म्हटलं की जळगावकरांना दोन गोष्टी हमखास आठवतात. एक तलाव आणि दुसरी बोरं. हिवाळ्यात मेहरूणची बोरं बाजारात आली, की पाव-अर्धा किलो घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. तिसरी एक गोष्ट मात्र मेहरूणच्या जुन्या वस्तीत फिरल्यावरच दिसते. ती म्हणजे अंगणातल्या, गल्लीतल्या कोंबड्या. 2003 साली जळगावची महानगरपालिका झाली, आजूबाजूला कॉलन्या उभ्या राहिल्या, तरी जुन्या घरांतून चार-सहा कोंबड्या अजून आहेतच. सकाळी डालगं उचललं की त्या बाहेर पडतात आणि दिवे लागणीला आपापल्या परत येतात.

या कोंबड्यांचा कारभार बहुतेक घरांत बाईच्याच हातात असतो. दाणे तीच टाकते, अंडी तीच गोळा करते आणि अंड्यांचे जे काही चार पैसे येतात तेही तिच्याच डब्यात पडतात. देशी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 70 अंडी देते. हिशोब फार मोठा नाही, पण मुलाची वही, एखादं औषध, भिशीचा हप्ता यासाठी कुणाकडे हात पसरावा लागत नाही. म्हणून घरातली चांगली अंडी देणारी कोंबडी एक दिवस लंगडायला लागली, की जिवाला घोर लागतो.

मग सल्ले सुरू होतात. शेजारच्या काकू म्हणतात, “वहिनी, आता ती काय अंडी देणार? रविवारी काळ्या मसाल्याचा रस्सा करून टाका.” सासूबाई म्हणतात, “राहू दे गं, होईल आपोआप बरी.” तेवढ्यात कुणीतरी बर्ड फ्लूचं नाव काढतं आणि घरभर भीती पसरते.

मैत्रिणींनो, या तिन्ही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट राहून गेलेली असते. कोंबडीला उचलून तिचा पाय कुणी पाहिलेलाच नसतो! लंगडणं हा काही रोग नव्हे. ती एक खूण आहे. तिच्यामागचं कारण कधी बोरीच्या काट्याइतकं साधं असतं, तर कधी सगळ्या गल्लीतल्या कोंबड्यांना सावध करणारं. कोणतं ते ओळखायला दहा मिनिटं पुरतात.

पकडायची कशी?

दिवसा कोंबडीच्या मागे धावू नका. आधीच दुखरा पाय, त्यात पळापळ झाली तर दुखणं वाढतं. अंधार पडला की कोंबडी शांत होते. खुराड्यात बसलेली असताना दोन्ही हातांनी पंखांसकट अलगद उचला. पाय धरून उलटी लटकवू नका. जुना टॉवेल गुंडाळून तिला मांडीवर घ्या, म्हणजे पंख फडफडणार नाहीत. एकीने धरायचं आणि दुसरीने टॉर्च घेऊन पाहायचं, असं केलं तर काम सोपं होतं. हातात प्लास्टिकचे मोजे असावेत. तेही नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चालेल. नंतर साबणाने हात धुवायलाच हवेत.

पाहायचं ते खालून वर. आधी बोटं आणि नखं, मग तळवा, नडगी, घोट्याचा सांधा आणि शेवटी मांडी. दर वेळी चांगल्या पायाशी तुलना करायची. कोणता भाग सुजलाय, कोणता जास्त गरम लागतो, कुठे हात लावला की ती पाय ओढून घेते, हे लगेच कळतं.

अंगणातच लपलेलं कारण

मेहरूणसारख्या ठिकाणी पहिला संशय काट्यावर घ्यावा. बोरीचे, बाभळीचे काटे, कुंपणाला लावलेल्या फांद्या, तारेचे तुकडे, फुटक्या काचा यातलं काहीही तळव्यात घुसू शकतं. काटा वरवर दिसत असेल तर चिमटा उकळत्या पाण्यातून काढून घ्या आणि काटा सरळ ओढा. जागा मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन तिथे पोव्हिडोन आयोडीन लावा. खोल रुतलेला काटा सुईने कोरत बसू नये.

दुसरा संशय दोऱ्यावर. ही गोष्ट आपल्या सहज लक्षात येत नाही. संक्रांतीनंतर गल्लीत पडलेला मांजा, पोत्याची सुतळी, शिवणकामातले धागे कोंबडीच्या बोटांना गुरफटतात. आणखी एक म्हणजे, विंचरल्यावर आपण गुंडाळून अंगणात टाकतो ते आपले केस! लहान पिल्लांच्या पायात ते असे आवळले जातात की रक्त पोचत नाही, बोट काळं पडतं आणि शेवटी गळूनही जातं. दोरा किंवा केस बारीक कात्रीने हलक्या हाताने कापून काढा. कातडीत रुतला असेल तर आधी कोमट पाण्यात पाय भिजवा.

तिसरं कारण आपल्या काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल आणि विष्ठा बोटांना चिकटते आणि वाळली की दगडासारखा गोळा होतो. असा गोळा ओढून काढायला गेलं तर त्याच्याबरोबर नखही निघून येतं. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं धरा, गोळा आपोआप सुटतो.

चौथं कारण उंचीचं. कोंबडी भिंतीवर, छपरावर, झाडावर चढते आणि उडी मारते सिमेंटच्या कोब्यावर. देशी कोंबडी हलकी असते, तिला हे झेपतं. पण गिरिराज, वनराज अशा जातींचे अंगाने भारी पक्षी अनेक घरांत आले आहेत. त्यांच्या पायाला हा मार सोसत नाही. बसायची दांडी फूट-दीड फुटाहून उंच नको. ती गोल गुळगुळीत पाइपाची नको, लाकडाची आणि दोन बोटं रुंद असावी. खाली जुनी पोती किंवा भुसा टाकला की निम्मा त्रास कमी होतो.

बाजारातून कोंबडी आणतानाही आपण तिचे पाय बांधतो आणि सायकलच्या हँडलला उलटी अडकवतो. घरी आल्यावर ती लंगडली तर मांडीचा सांधा दुखावलेला असण्याची शक्यता मोठी. टोपलीतून किंवा भोकं पाडलेल्या खोक्यातून आणणं केव्हाही बरं.

तळव्याची काळी खपली

तळव्याच्या मधोमध काळी गोल खपली, भोवती सूज आणि हात लावला की गरम, असं दिसलं तर तो तळव्याचा फोड समजावा. बारीकशा जखमेतून जंतू आत शिरतात आणि पू धरतो. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो घट्ट गाठीसारखा होतो. त्यामुळे फोड आपोआप फुटून वाहून जात नाही.

सुरुवातीचा, लहान फोड असेल तर घरचा उपाय उपयोगी पडतो. लीटरभर कोमट पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घालून त्यात पाय 10 ते 15 मिनिटं धरायचा. नंतर कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावायचं, वर स्वच्छ कापसाची गादी ठेवून पट्टी बांधायची. पट्टी इतकी सैल असावी की बोटं गार पडणार नाहीत. रोज पट्टी बदलायची. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, किंवा सूज बोटांवरून वर सरकायला लागली, तर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे न्या. ब्लेड घेऊन घरी फोड कापायचा नाही. त्यातले जंतू आपल्या हाताच्या जखमेतही शिरू शकतात, हे विसरू नका.

नडगीवरचे खवले उचलल्यासारखे, पांढरट आणि खडबडीत दिसत असतील तर ते वेगळं दुखणं. खवल्यांच्या खाली डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात. जुन्या टूथब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात पाय धुवा, पुसा आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल भरपूर चोळा. दिवसाआड असं दोन-तीन आठवडे करायचं. तेलाने किड्यांचा श्वास कोंडतो. काही घरांत यावर रॉकेल लावतात. त्याने कातडी भाजते, ते करू नका. आणि एकीच्या पायावर किडे असतील तर सगळ्यांचे पाय पाहा, दांड्याही धुऊन उन्हात ठेवा.

पाय चांगला, मग दुबळी का?

पायावर जखम नाही, सूज नाही, तरी कोंबडी बसून राहते. अशा वेळी तिच्या खाण्याकडे वळावं. आपण काय टाकतो? ज्वारी, मका, तांदळाची कणी आणि उरलेली भाकरी. पोट भरायला हे ठीक आहे, पण अंडी देणारीला चुना लागतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. खाण्यातून ते मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. आधी पातळ कवचाची अंडी येतात, मग पाय लुळे पडतात. बाळंतिणीला आपण डिंक-मेथीचे लाडू देतो ना? तिचंही तसंच समजा. अंड्यांची टरफलं फेकू नका. ती धुऊन, तव्यावर भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. शिंपल्यांचा चुरा मिळाला तर तोही चालतो. लागेल तेवढं ती स्वतः खाते. सकाळचं कोवळं ऊनही तिला मिळायला हवं.

पिल्लांची बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळत असतील तर बी-2 जीवनसत्त्व कमी पडतंय असं समजावं. नुसत्या कणीवर वाढवलेल्या पिल्लांत हे दिसतं. ताक, कोवळा पाला, मेथी-पालकाच्या काड्या आणि डॉक्टरांना विचारून पाण्यातून बी कॉम्प्लेक्स दिलं तर लवकर फरक पडतो. उशीर झाला तर मात्र बोटं तशीच राहतात.

पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकत असतील तर खाली काय आहे ते पाहा. वर्तमानपत्र किंवा फरशी असेल तर पिल्लं घसरतात. त्याजागी पोतं अंथरा.

एखादी अंडी देणारी कोंबडी दोन्ही पाय फाकून, शेपूट खाली घालून बदकासारखी चालत असेल आणि सारखी कुंथत असेल, तर अंडं आत अडकलेलं असू शकतं. तिला अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा, कोमट पाण्याच्या घमेल्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. ते आत फुटलं तर कोंबडी जाते. काही तासांत अंडं पडलं नाही तर डॉक्टर गाठा.

खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसून उठली, तर दोन दिवस अवघडल्यासारखी चालतेच. त्यात काळजीचं कारण नाही. मे महिन्यात मात्र, आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा, तापलेल्या कोब्यावरही पाय भाजतात. सावली आणि गार पाणी एवढं तरी अंगणात असावंच.

एकीचं दुखणं की सगळ्यांचं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. साधं लंगडणं बहुधा एका कोंबडीचं, एका पायाचं असतं. ती दाणे खाते, डोळे स्वच्छ असतात, तुरा लाल असतो. पण पुढच्या खुणा दिसल्या तर घरगुती उपाय थांबवायचे.

दोन-अडीच महिन्यांपासून पाच-सहा महिन्यांपर्यंतची कोंबडी एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडते, पंख लोंबतो आणि दिवसेंदिवस वाळत जाते. हा ‘मॅरेक्स’ असू शकतो. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी 1907 साली या रोगाचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. विषाणू नसांवर घाला घालतो. त्यावर औषध नाही, माणसाला तो होत नाही. पिल्लू अंड्यातून निघाल्याबरोबर लस द्यावी लागते. म्हणून पिल्लं विकत घेताना “मॅरेक्सची लस दिलीय का?” हे विचारायला लाजू नका.

पाय लुळे, मान वाकडी, हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, आणि एकापाठोपाठ एक मरायला लागल्या, तर ती मानमोडी म्हणजे रानीखेत असण्याची शक्यता. यालाही औषध नाही, पण लस उत्तम आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण एवढीच, की लसीची बाटली एकदम शे-दोनशे डोसची येते. फोडली की काही तासांत संपवावी लागते आणि बर्फात ठेवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोण आणणार? इथे आपला बचत गट कामाला येतो. दहा घरांनी ठरवून एकाच दिवशी डॉक्टरांना बोलावलं तर बाटलीही वाया जात नाही आणि खर्चही वाटला जातो. आपल्या एकटीच्या कोंबड्यांना लस देऊन भागतही नाही, कारण शेजारणीच्या कोंबड्या आपल्याच अंगणात चरतात.

2006 ची आठवण

बर्ड फ्लूची भीती खान्देशातल्या बायांना नवी नाही. भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच शेजारी, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत तो परसातल्या कोंबड्यांतही आढळला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापूरला पुन्हा तेच घडलं. ज्यांचे मोठे पोल्ट्री फार्म होते त्यांचं नुकसान पेपरात आलं. अंगणातल्या पाच कोंबड्या गेल्या, तिच्या डब्यातली चिल्लर आटली, त्याची बातमी कोण छापणार?

म्हणूनच नीट समजून घेऊ या. नुसतं लंगडणं म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. पण कोंबड्या अचानक, धडाधड मरायला लागल्या, तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं, पायांवर लालसर डाग दिसले, तर मात्र हात लावायचा नाही. मुलांना दूर ठेवायचं. उरलेल्या घाईने विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, पाहुण्यांकडे पाठवायच्या नाहीत. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा तलावाकाठी टाकायची नाही. तलावावर पाणपक्षी येतात, त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्याकडून परत आपल्यापर्यंत रोग येऊ शकतो. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

“कळवलं तर आमच्या सगळ्याच नेतील,” असं अनेकजणी म्हणतात. भीती खरी आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. रोग जाहीर झाल्यावर सरकारी पथक ज्या कोंबड्या नष्ट करतं, त्यांची भरपाई मिळते. लपवून ठेवलेल्या, आधीच मेलेल्या कोंबड्यांची मिळत नाही. आणि घरातल्या लेकराला लागण झाली तर त्याची भरपाई कोण देणार?

लंगडीची वेगळी खोली

कारण काहीही असो, लंगडणारी कोंबडी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचतात, दाण्यापर्यंत पोचू देत नाहीत. मोठं खोकं किंवा डालगं, खाली कोरडं पोतं, दाणा आणि पाणी अगदी चोचीजवळ. जागा अशी हवी की तिला बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल, नाहीतर ती झुरते. किरकोळ मुरगळ आठवडाभरात कमी होते. पाय लोंबकळत असेल, हाड मोडल्यासारखं वाटत असेल तर ओढून सरळ करायला जाऊ नका. टॉवेलमध्ये गुंडाळून सरळ दवाखान्यात न्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. गायी-म्हशींसाठीच फोन करायचा असतो, असं काही नाही.

आपल्या घरातल्या गोळ्या, वेदनाशामक किंवा उरलेलं अँटिबायोटिक तिला देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर “अंडी किती दिवस खायची नाहीत?” हे आवर्जून विचारा. औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडं आपल्याच मुलांच्या ताटात येतं.

सगळं करूनही एखादी बरी होत नाही. उठता येत नाही, खाणं सुटलंय, अंगावर फोड आलेत, अशा वेळी तिला तसंच तळमळत ठेवणं ही माया नव्हे. डॉक्टरांना विचारून तिची सुटका करावी. मात्र आजारी किंवा औषध चालू असलेली कोंबडी रश्श्यात जाता कामा नये. तिला खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरावं.

पण अशी वेळ फार थोड्या कोंबड्यांवर येते. पुष्कळ लंगड्या कोंबड्यांचं दुखणं काट्यात, दोऱ्यात नाहीतर चिखलाच्या गोळ्यात निघतं, आणि ते काढायला बाईचे दोन हात आणि एक टॉर्च पुरते. तेव्हा रविवारच्या रश्श्याचा सल्ला देणाऱ्या काकूंना सांगा, “थांबा हो काकू, आधी पाय तर बघू द्या!”

लक्षात ठेवा

- पाहायचं ते रात्री, टॉवेलात गुंडाळून, बोटांपासून मांडीपर्यंत.
- काटा, दोरा, केस, चिखलाचा गोळा हे आधी शोधा.
- तळव्यावर काळी खपली दिसली तर मिठाचं कोमट पाणी, आयोडीन, रोज नवी पट्टी. ब्लेड नको.
- अंड्यांची टरफलं भाजून, कुटून कोंबड्यांनाच द्या.
- लस दहा घरांनी मिळून एकाच दिवशी द्या.
- एकापेक्षा जास्त कोंबड्या आजारी पडल्या किंवा अचानक मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा.